हुगळीकाठचे श्रीरामपूर

श्रीरामपूर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अहिल्यानगर जिल्ह्यातले श्रीरामपूर उभे राहते. उसाच्या गाड्या, कारखान्याचा भोंगा, बाजारपेठ. मी आज ज्या श्रीरामपुराविषयी बोलणार आहे ते इथून फार लांब, बंगालमध्ये, हुगळी नदीच्या काठावर आहे. कोलकात्यापासून नदीच्या उलट्या दिशेने वर गेले की पंचवीसेक किलोमीटरवर, उजव्या तीरावर हे गाव लागते. गाव कसले, चांगले शहरच आहे. २०११ च्या खानेसुमारीत त्याची वस्ती १ लाख ८१ हजारांच्या वर भरली. इंग्रजांनी त्याचे ‘सेरामपूर’ केले. त्याआधी नव्वद वर्षे त्याचे सरकारदरबारी नाव होते फ्रेडरिक्सनगर. मौज बघा, नगर हा शब्द आपला आणि फ्रेडरिक हा डेन्मार्कचा राजा.

आता डेन्मार्कचा राजा बंगालमध्ये कुठून आला, असे कोणी विचारील. आपण शाळेत पोर्तुगीज, डच, इंग्रज, फ्रेंच ही नावे पाठ करतो आणि थांबतो. डेन लोक आले होते हे मुलांना सांगायचे राहून जाते. ते १६२० साली तमिळ किनाऱ्यावर तरंगंबाडीला आले आणि १७५५ साली नवाब अलीवर्दीखानाची परवानगी काढून त्यांनी हुगळीकाठी वखार घातली. त्या काळी हुगळीचा काठ म्हणजे युरोपियनांची आळीच झाली होती. बंडेलला पोर्तुगीज, चुंचुड्याला डच, चंदननगरला फ्रेंच, श्रीरामपूरला डेन आणि खाली कोलकात्याला इंग्रज. आज हावड्याहून बंडेलची गाडी धरली तर चाळीस किलोमीटरांत ही सारी घराणी एका रुळावर भेटतात.

आपणही त्या मुलखाला अगदीच परके नव्हतो. पण ती ओळख फारशी अभिमानाने सांगण्यासारखी नाही. १७४२ पासून १७५१ पर्यंत नागपूरकर रघूजी भोसल्यांची घोडी बंगालवर चौथाईसाठी जात होती. आपले बारगीर तिथे ‘बर्गी’ झाले आणि मुलांना झोपवण्याच्या गाण्यात जाऊन बसले. बंगाली आई आजही पोराला बर्गीची भीती घालते. डेन लोक आले ते ही धामधूम संपल्यावर चारच वर्षांनी. मी मराठी शिकवणारा माणूस. त्या गावात पाऊल ठेवताना हे गाणे माझ्या मनात होते, हे कबूल केले पाहिजे.

पण मी तिथे गेलो तो वेगळ्या कारणाने.

शिक्षक बंधुभगिनींनो, मराठीचे इंग्रजीत लिहिलेले पहिले छापील व्याकरण पुण्यात निघाले नाही, मुंबईतही नाही. ते निघाले या श्रीरामपुरात, १८०५ साली. कर्ता विल्यम केरी, मूळचा मोचीकाम करणारा, पुढे ख्रिस्ती मिशनरी झालेला. इंग्रजांची कंपनी त्या वेळी मिशनऱ्यांना आपल्या हद्दीत थारा देत नसे. धर्माची भानगड झाली तर व्यापाराला धक्का बसेल ही तिची भीती. डेन लोकांनी थारा दिला. १८०० च्या जानेवारीत केरी श्रीरामपुरात आला आणि मार्शमन आणि वॉर्ड या दोघा सोबत्यांबरोबर त्याने छापखाना उभा केला. टाइप पाडायला पंचानन कर्मकार नावाचा कसबी बंगाली कारागीर मिळाला आणि पुढे त्याचा जावई मनोहर. त्याच वर्षी कोलकात्यात फोर्ट विल्यम कॉलेज निघाले होते. गोऱ्या अंमलदारांना देशी भाषा शिकवायच्या होत्या. १८०२ च्या शेवटच्या दिवशी वसईचा तह झाला, पुढच्या वर्षी शिंदे-भोसल्यांशी लढाई झाली, आणि मराठी येणारे अंमलदार हवे झाले. केरी त्या कॉलेजात बंगाली शिकवीतच होता, त्याच्याकडे मराठीही आली. पंडित वैजनाथ शर्मा त्याच्या मदतीला होते. १८१० साली मराठीचा कोश निघाला तो मोडीच्या खिळ्यांनी छापून. १८१४ साली सिंहासनबत्तिशी, मागोमाग हितोपदेश आणि नागपूरकर भोसल्यांची वंशावळ. ज्या भोसल्यांच्या नावाने तिथली पोरे डोळे मिटत, त्यांचीच वंशावळ त्याच मुलखात, मोडीत छापली जात होती! मध्ये १८१२ च्या मार्चमध्ये छापखान्याला आग लागली. कागद, हस्तलिखिते, टाइप यांची राख झाली, पण टाइप पाडण्याचे ठसे वाचले, म्हणून काम पुन्हा उभे राहिले.

१८१८ साली याच गावातून ‘समाचार दर्पण’ हे बंगाली साप्ताहिक निघाले. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ त्यानंतर चौदा वर्षांनी आले. त्याच १८१८ साली तिथे कॉलेज निघाले आणि १८२७ साली डेन्मार्कच्या राजाने त्याला पदव्या देण्याची सनद दिली. ते कॉलेज आजही चालू आहे.

असे हे गाव. मग त्याचे पुढे झाले काय? डेनांचा व्यापार चालला तो दुसऱ्यांच्या भांडणावर. इंग्रज-फ्रेंच लढत तेव्हा तटस्थ डेन निशाणाखाली माल सुखरूप जाई, आणि कंपनीचे गोरे नोकर आपली खासगी कमाई त्यांच्याच जहाजांतून घरी धाडीत. मग इंग्रजांनी १८०१ मध्ये आणि पुन्हा १८०८ ते १८१५ गाव ताब्यात घेतले. तेव्हा व्यापार बसला तो बसलाच. १८४५ साली तरंगंबाडी आणि श्रीरामपूर मिळून साडेबारा लाख रुपयांना डेनांनी इंग्रजांना विकून टाकले. १८५४ साली आगगाडी आली, मग तागाच्या गिरण्या आल्या. नदीकाठच्या कोठ्यांत कचेऱ्या आणि भाडेकरू शिरले. दीडशे वर्षांत भिंतींना पिंपळ फुटले. कोलकात्याला जाणारा हजारो लोकांचा लोंढा रोज त्यांच्यावरून जाई आणि कोणी वर बघत नसे.

तिथे जायचे तर दोन वाटा आहेत. हावड्याहून लोकल गाडीने थेट जाता येते. मी दुसरी वाट धरली. पलीकडच्या तीरावर बराकपूरला उतरलो आणि धोबीघाटावरून होडीत बसलो. होडी म्हणजे यांत्रिक लाँच. सायकली, दुधाच्या किटल्या, शाळेची पोरे, सारे उभ्याने. नदी मधोमध आली की समोर झाडांच्या वर देवळाचा एक पांढरा निमुळता कळस दिसतो. देऊळ म्हणजे ख्रिस्ती, सेंट ओलाव्ह चर्च. डेन गव्हर्नर ओले बी याने ते १८०० मध्ये बांधायला घेतले आणि पुरे व्हायच्या आधीच, १८०५ साली, तो वारला. काम १८०६ साली पुरे झाले. बराकपूरला लाट वेलस्लीचा बाग-बंगला होता, आणि बंगल्यातून दिसणाऱ्या देखाव्यात एवढा कळसच कमी होता म्हणून वेलस्लीनेही वर्गणी दिली असे सांगतात. खरे-खोटे देव जाणे, पण होडीतून पाहिले तर पटते.

हे चर्च मधल्या काळात छत धोक्याचे झाल्यामुळे बंद पडले होते. २००८ साली डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयाने श्रीरामपूरचे काम हाती घेतले. पश्चिम बंगालचा वारसा आयोग बरोबर आला, कोलकात्याचे वास्तुतज्ज्ञ आले आणि २०१६ साली चर्च पुन्हा उघडले. त्याच वर्षी युनेस्कोने आशिया-पॅसिफिक भागातल्या वारसा-जतनाचे मानाचे पारितोषिक त्याला दिले. दर्शनी कपाळावर राजा ख्रिश्चन सातवा याची अक्षरमुद्रा आहे. ती आता स्वच्छ वाचता येते.

मला मात्र मुद्रेपेक्षा भिंती अधिक बघाव्याशा वाटल्या. खेड्यातल्या श्रोत्यांना हे सांगतो, कारण प्रत्येक गावात एखादा वाडा, वेस, बारव असतेच. जुनी भिंत विटेची आणि चुन्याची असते. चुना श्वास घेतो म्हणा ना. पावसाळ्यात भिंत ओल पिते आणि उन्हाळ्यात ती बाहेर टाकते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, क्षार फुगतात, वीट आतून पिठासारखी होते आणि एके दिवशी गिलाव्यासकट थर खाली येतो. मग लोक म्हणतात, जुने बांधकाम ते, पडायचेच. जुने म्हणून नाही पडले हो, नव्याने गुदमरले म्हणून पडले. श्रीरामपूरला भिंतींना चुन्याचाच गिलावा दिला आहे. आपल्याकडे जीर्णोद्धार म्हणजे काळ्या दगडाला गुलाबी ऑइलपेंट आणि सभामंडपाला चकचकीत फरशी. हे काम भक्तीने होते, वर्गणीने होते, म्हणून बोलायला संकोच वाटतो. पण पेंट देण्याआधी एखाद्या जाणत्या गवंड्याला विचारावे, इतके तर करता येईल.

चर्चपासून घाटाकडे दोन-तीन मिनिटे चालले की डेन्मार्क टॅव्हर्न लागते. १७८६ साली नदीने येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी काढलेली ही खाणावळ आणि मुसाफरखाना. मध्यंतरी तिचे छत कोसळले होते. २०१८ साली ती दुरुस्त होऊन उघडली, आणि उघडली ती पुन्हा खाणावळ म्हणूनच. खाली उपाहारगृह, वर राहण्याच्या खोल्या. मला ही गोष्ट फार शहाणपणाची वाटली. इमारत दुरुस्त करून कुलूप लावले, बाहेर निळा फलक ठोकला, तर दहा वर्षांत पिंपळ परत येतो. तिच्यात रोज चूल पेटली, रोज कोणी केर काढला, तर गळती लागलेली त्याच दिवशी समजते.

पण माझा चहा मी तिथे घेतला नाही. बाहेर घाटाच्या बाजूला मातीच्या कुल्हडात चहा देणारा एक म्हातारा बसला होता, त्याच्याकडे घेतला. हिंदी-बंगालीची खिचडी करून आम्ही बोललो. म्हणाला, “दादा, मी पोर होतो तेव्हा आम्ही या पडक्या घरात लपाछपी खेळायचो. आता बाहेरचे लोक मोटारी घेऊन येतात, फोटो काढतात. बरे आहे, माझा चहा खपतो.” मी विचारले, “आत गेलात कधी?” तो हसला. म्हणाला, “उघडले त्या दिवशी गेलो होतो, सगळेच गेले होते. नंतर काय काम? आतल्या एका चहाच्या पैशात माझ्या घरचा बाजार होतो.”

मी यात कोणाला दोष देत नाही. इमारत उभी ठेवायला पैसा लागतो आणि तो गिऱ्हाइकाकडूनच यायचा. तरी म्हाताऱ्याचे बोलणे मनातून जाईना. शहराचा वारसा दाखवायचा तो कोणाला, आणि त्या दाखवण्यात शहरातल्या माणसाची जागा कोणती? श्रीरामपुरात याचे उत्तर अर्धेच मिळाले आहे असे मला वाटते. याच शहराच्या माहेश भागात जगन्नाथाची रथयात्रा भरते. ती १३९६ पासूनची म्हणतात. जगन्नाथपुरीच्या खालोखाल तिचा मान. आताचा रथ लोखंडी, सुमारे पन्नास फूट उंच, १८८५ सालचा. त्या रथाला कोणी पर्यटन खाते लागत नाही, माणसांचा पूर येतो. डेन या गावात नव्वद वर्षे होते, रथ त्यांच्या आधीपासून आहे. पाहुण्याला चर्च आणि टॅव्हर्न दाखवून परत गाडीत बसवले तर त्याने गाव पाहिले असे कसे म्हणावे? रथाचा रस्ता, छापखान्याची जागा, गिरणीचे भोंगे, गोस्वामींची राजबाडी, हे सारे जोडून चालवणारा वाटाड्या हवा. आणि असा वाटाड्या तिथल्या शाळा-कॉलेजांतूनच निघेल, परदेशातून आणता येणार नाही. दुसरीकडे नदीकाठच्या जुन्या घरांच्या जागी सदनिकांच्या इमारती उठताना मी डोळ्यांनी पाहिल्या. चार इमारती वाचवताना आळीच गेली, असेही होऊ शकते.

माझ्या हातून एक चूक झाली, तीही सांगतो. कॉलेजच्या ग्रंथालयात केरीच्या काळचा संग्रह आहे. तो मराठी कोश तिथे पाहावा असा बेत होता. आधी पत्र लिहून परवानगी मागावी हे मला सुचले नाही, आणि मी पोचलो तो दिवस सुट्टीचा. खांबांची ती भव्य इमारत फाटकातून पाहून परत फिरलो. मग मिशनच्या दफनभूमीत गेलो. केरी, मार्शमन, वॉर्ड तिघेही तिथेच आहेत. केरी १८३४ साली गेला. भारतात येऊन एकेचाळीस वर्षे झाली होती, मायदेशी तो एकदाही परत गेला नाही. त्याच्या धर्मप्रचाराविषयी तुमचे-माझे मत काहीही असो. माझ्या भाषेचे व्याकरण छापणारा माणूस इथे आहे, आणि बाराशे मैलांवरून येऊन त्याला बघणारा मराठी मास्तर आज बहुधा मी एकटाच, असे वाटून उगाच अवघडल्यासारखे झाले.

अवघडण्याचे खरे कारण वेगळे होते. होडीत परत बसलो तेव्हा ते वर आले.

आमचेही गाव नदीकाठचे, तालुक्याचे. घाटाच्या वर साहेबाच्या अमदानीतला एक डाकबंगला होता. भोवती व्हरांडा, मंगलोरी कौले, भिंती दोन हात जाड. काम त्याचेही तेच, नदी उतरून आलेल्या मुसाफराला रात्र काढायला जागा देणे. मी कॉलेजात लागलो तेव्हा त्यात कसलेसे गोदाम होते. पुढे तो पाडून गाळे काढायचे ठरले आणि एक सभा बोलावली गेली. कोणीतरी म्हणाले, “प्राध्यापकसाहेब, तुम्ही शिकलेले. याला काही इतिहास आहे का, ते सांगा.” सगळे माझ्याकडे बघू लागले. मला काही माहीत नव्हते. ‘माहीत नाही, पण दोन महिने द्या, शोधून काढतो’ एवढे वाक्य बोलायला काय हरकत होती? मी म्हणालो, “तसा विशेष काही नसावा.” तिसऱ्या आठवड्यात जेसीबी आला. आज तिथे मोबाइलची दुकाने आहेत, आणि मीही तिथेच फोनचे पैसे भरतो.

श्रीरामपूरहून आल्यावर मी कॉलेजातली पंधरा-वीस मुले घेऊन घाट मोजायला गेलो. कुठल्या योजनेत नाही, कुणाचे अनुदान नाही. दोरी, टेप, वही. किती पायऱ्या, कोणत्या फुटल्या, कोणत्या चिऱ्यात लोखंडी कडी आहे, पुराची पातळी कुठवर कोरली आहे. मुले आपल्या आज्यांना विचारून आली, कोणत्या कड्याला कोणाची होडी बांधत. शाळांतल्या गुरुजींनी जुनी हजेरीपत्रके आणि छायाचित्रे शोधून दिली. एका मुलाच्या घरी माळ्यावर कागदांचे गाठोडे निघाले. त्याचे पणजोबा ओव्हरसियरच्या हाताखाली कारकून होते. कागद मोडीत, आणि आमच्या सबंध कॉलेजात मोडी वाचणारा एकही नाही, मी धरून. ज्या लिपीचे खिळे पाडायला श्रीरामपूरचे लोहार दिवस दिवस झिजले, ती वाचायला मराठीचा एम. ए. झालेला मी असमर्थ.

शेवटी दोन गावे टाकून राहणारे एक निवृत्त तलाठी भेटले. वय ऐंशीच्या पुढे. मुलांनी त्यांना मोटारसायकलवर बसवून आणले. कॉलेजच्या व्हरांड्यात खुर्ची टाकली. भिंग धरून ते वाचू लागले आणि मुले लिहून घेऊ लागली. चुन्याच्या गाड्या अमुक. वाळू अमुक. गूळ आणि बेलफळे, चुन्यात घालायला. घाण्याच्या बैलांना पेंड. गवंडी अमुक, रोज अमुक. कुठले काम हे त्यांना पहिल्या दोन पानांत कळेना. तिसऱ्या पानावर ते थांबले, भिंग पुसले, आणि वर बघून म्हणाले, “गुरुजी, हा तर आपल्या डाकबंगल्याचा हिशेब आहे.”

मुलांनी माझ्याकडे पाहिले. मी त्यांना म्हणालो, लिहून घ्या.

पाने बरीच आहेत. दर रविवारी सकाळी ते येतात, आणि आता मुलांपैकी चौघे त्यांच्याकडे मोडी शिकू लागले आहेत. पाचवा विद्यार्थी मी.